मुलांना वाचायची सवय लावायचीय? आधी वाचनातली परीक्षा काढून टाका

"वाच ना जरा" हे वाक्य घरात दिवसातून किती वेळा म्हटलं जातं ते एकदा मोजून बघा, आणि त्यातल्या किती वेळा मुलाने खरंच पुस्तक उघडलं तेही मोजा. दुसरा आकडा शून्याच्या आसपासच निघेल, पैज लावते. मी बरीच वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना वाचायला शिकवतेय, घरात एक लेक वाढवलीय, आणि दोन्हीकडे भरपूर चुका करून झाल्यावर एक गोष्ट पक्की कळली की या वयातलं मूल वाचत नाही तेव्हा बहुतेक वेळा ते आळशी नसतं, वाचणं त्याला अजून जड जात असतं आणि त्या जड कामावर आपण मोठ्यांनी परीक्षेचं ओझं चढवलेलं असतं. चूक झाली की टोकायचं, पान संपलं की प्रश्न, पुस्तक संपलं की "मग काय शिकलास यातून?" तुम्हीच सांगा, तुम्ही रात्री एखादी कादंबरी वाचताय आणि दर पानाला कोणीतरी डोकावून असं विचारतंय, तुम्ही वाचाल?

तर खालचं सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं, ओझं उतरवायचं. आणि "पी हळद नि हो गोरी" असं काही होणार नाहीये हे आधीच सांगते, महिना दोन महिने तरी द्यायला लागतात.

आधी बघा घोडं कुठे अडतंय

1986 साली गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी एक साधं समीकरण मांडलं होतं, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही हं, गुणाकार. म्हणजे दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच, मग दुसरं कितीही चांगलं असो. मला हे फार उपयोगी पडलं कारण "वाचत नाही" या एका तक्रारीच्या आत दोन तीन वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा.

घरी शोधायचं कसं? मुलाच्या इयत्तेला शोभेल असं पुस्तक घ्या. अर्धं पान तुम्ही वाचून दाखवा आणि त्याला म्हणा, काय झालं ते मला तुझ्या शब्दात सांग. मग तशाच दुसऱ्या पुस्तकातलं अर्धं पान त्याला वाचू द्या, परत तेच. ऐकलेलं छान सांगतोय पण वाचलेलं सांगता येत नाही, तर अक्षरांवर गाडी अडतेय, सगळी ताकद अक्षरं जोडण्यात जातेय आणि अर्थापर्यंत पोचेस्तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते. ऐकलेलंही सांगता येत नसेल तर भाषेत किंवा विषयात अडकलंय, अक्षरं घोटवून काही उपयोग नाही. आणि दोन्ही मस्त जमतंय तरी पुस्तकाला हात लावत नाही? मग पुस्तक चुकीचं आहे, किंवा वेळ, किंवा (रागावू नका) आपण.

एवढं पाच दहा मिनिटांचं काम आहे पण नव्वद टक्के पालक हे करत नाहीत असं माझं आपलं मत, आकडा मनातला आहे. थेट पुस्तकं आणायला धावतात.

अक्षरांवर अडत असेल तर

आपली लिपी सोपी, जसं लिहितो तसं वाचतो, हे आपण अभिमानाने सांगतो आणि मोठ्यांच्या दृष्टीने ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण सहा सात वर्षांच्या मुलाच्या खुर्चीत बसून बघा. एक क घेतला की त्याची बाराखडी, मग जोडाक्षरं, मग क्ष आणि ज्ञ सारखी वेश बदललेली जोडाक्षरं ज्यात आतली अक्षरं दिसतच नाहीत. वेलांटी पहिली असेल तर ती अक्षराच्या आधी काढायची पण बोलायची नंतर. इंग्रजीत 26 अक्षरं, आपल्याकडे चिन्हांची जुळणी करत गेलं की काहीशे आकार होतात. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच आहे, तिथे सोनाली नाग यांनी 2007 साली छापलेल्या अभ्यासात पहिली ते चौथीची मुलं पाहिली होती आणि ही अक्षरं आत्मसात करायचं काम चौथीपर्यंत चालूच असतं असं दिसलं. म्हणजे दुसरीतलं मूल जोडाक्षरावर अडखळलं तर त्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नाही.

माझ्या भाच्याचं सांगते. दुसरीत होता, "पर्वत" हा शब्द आला की ठाम आवाजात "पवर्त" वाचायचा. त्याला दहा वेळा सुधारलं, अकराव्या वेळी पुन्हा पवर्त. शेवटी एकदा मी नीट बघितलं तर तो अगदी बरोबर वाचत होता की! प दिसला, प म्हणाला. व दिसला, व म्हणाला. मग व च्या डोक्यावर काहीतरी दिसलं, ते म्हणाला. डावीकडून उजवीकडे, जसं शिकवलं तसं. चूक त्याची नव्हती, रफार बोलायचा आधी आणि बसतो पुढच्याच्या डोक्यावर हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, म्हणजे र ला रांगेत उभं राहायचं नाहीये म्हणून तो पुढच्याच्या डोक्यावर चढलाय?" हो बाबा, तसंच. मग पेन्सिल घेऊन त्याने जुन्या पेपरातले सगळे डोक्यावर चढलेले र गोल करून काढले, सूर्य, मार्ग, वर्ष, कार्यक्रम. कार्यक्रम मध्ये तर एक डोक्यावर आणि एक पायाशी सापडला तेव्हा कोण आनंद. ट्रक मधला वेगळा, "दुसऱ्या" मधला अजून वेगळा. एक र, चार पाच सोंगं. ती दुपार झाल्यावर त्याने पवर्त परत म्हटलं नाही असं नाही, पण म्हटल्यावर स्वतःच थांबून मागे जायला लागला, आणि मला विचाराल तर हे स्वतः थांबणं बरोबर वाचण्यापेक्षा मोठं आहे.

तर करायचं काय, मूल नेमकं कुठल्या आकारावर अडतंय ते चार पाच दिवस गुपचूप टिपून ठेवा. बहुतेकदा दोन तीनच आकार असतात आणि आपण मात्र "याला काही वाचताच येत नाही" असं म्हणून मोकळे होतो. तेवढेच दोन तीन घ्या, शोधाशोधीचा खेळ करा, पाटीवर मोठे काढा, बास. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत सुरुवातीला सगळ्यांचीच होते. अजून एक, चित्र बघून शब्दाचा अंदाज लाव असं सांगू नका, काही ठिकाणी हे शिकवतात पण त्याने मुलं अक्षर सोडून चित्राकडे बघायला शिकतात आणि पुढे पुस्तकातली चित्रं कमी झाली की आपटतात.

बोट ठेवून वाचलं तर चालेल का असं हमखास विचारतात. चालेल. वाचताना डोळा ओळीवरून गुळगुळीत सरकत नाही, उड्या मारतो, आणि नवशिक्याच्या उड्या कुठेही पडतात, ओळच सुटते. बोट किंवा खाली धरलेली पट्टी ओळ सांभाळते. पक्कं झालं की बोट आपोआप जातं, ते काढायच्या मागे लागू नका.

शेजारी बसून दोघांनी एकत्र वाचायचं

या सगळ्या लेखातलं एकच काही उचलणार असाल तर हे उचला. कीथ टॉपिंग नावाच्या ब्रिटिश शिक्षण मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली, तपासली, पालकांना शिकवली. त्यासाठी शिक्षक असायला लागत नाही, फक्त गप्प बसता यायला पाहिजे, जे आपल्याला सगळ्यात कठीण.

पुस्तक मुलाने निवडायचं. समोरासमोर नाही, शेजारी बसायचं, समोर बसलं की लगेच तोंडी परीक्षेचा फील येतो. दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायला लागायचं, वेग मुलाचा, आपण त्याच्या अर्धं पाऊल मागे. आपला आवाज त्याला धरून ठेवतो, कठीण शब्द आला तरी वाक्य तुटत नाही. थोड्या वेळाने त्याला वाटतं आता मी एकटा वाचतो, तेव्हा त्याने खूण करायची (आमच्याकडे माझ्या हातावर टिचकी मारायची खूण होती) की आपण लगेच गप्प. अडलं तर मनात चार पाच आकडे मोजा. खरंच मोजा, कारण आपल्याला एक सेकंदसुद्धा दम निघत नाही. तेवढ्यात जमलं तर उत्तम, नाही जमलं तर शब्द सरळ सांगून टाका, त्याने तो एकदा म्हणायचा, परत दोघं एकत्र, पुन्हा टिचकी येईपर्यंत. "काल तर आला होता ना हा शब्द", "नीट बघ", "कितव्यांदा" यातलं काहीही बोलायचं नाही. कपाळावर आठीसुद्धा नाही, मुलं ती आधी वाचतात, अक्षरं नंतर.

दहा मिनिटं. रोज. दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही वाटतं पण हिशोब करा, वर्षाचे 3650 मिनिटं, म्हणजे साठ तास एका माणसाने शेजारी बसून तुमच्या मुलाबरोबर वाचलं. कुठल्या क्लासमध्ये एका मुलाला साठ तास एकट्याला मिळतात?

अडखळत वाचणाऱ्यांसाठी अजून एक जुना उपाय आहे, तोच छोटा उतारा परत परत वाचायचा. सॅम्युएल्स यांनी 1979 साली यावर लिहिलं, त्यात दिसलं की एक छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचून सफाईने यायला लागला की पुढच्या नव्या उताऱ्याची सुरुवातही आधीपेक्षा बरी होते. पण नुसतं "परत वाच, परत वाच" केलं तर शिक्षा वाटणारच. म्हणून कारण द्या. धाकट्या भावंडाला वाचून दाखवायचंय, आजीला फोनवर ऐकवायचंय, आवाज रेकॉर्ड करायचाय. माझ्या वर्गातला एक मुलगा चार ओळींचं रेकॉर्डिंग सात वेळा पुसून परत करत बसला, त्याला स्वतःचा आवाज "बातम्यांवाल्यासारखा" हवा होता. मी सांगितलं असतं तर दोनदासुद्धा वाचलं नसतं.

वाचता यायला लागलं तरी वाचून दाखवणं थांबवू नका

इथे सगळ्यात जास्त घरं चुकतात आणि मीही चुकले. लेक पहिलीच्या शेवटी बऱ्यापैकी वाचायला लागली तशी मी रात्रीची गोष्ट बंद केली, म्हटलं आता तुझं तू वाच की, येतंय ना. झालं काय, जी मुलगी रोज पुस्तक घेऊन मागे लागायची ती पुस्तकाचं नावच काढेना. मला कळायला चार पाच महिने लागले. तिच्या बाजूने बघितलं तर वाचायला शिकल्याबद्दल तिला शिक्षा झाली होती, जवळ बसणं गेलं, गोष्ट गेली, वर काम वाढलं.

शिवाय ऐकून समजायची पातळी वाचून समजायच्या पातळीच्या बरीच पुढे असते, साधारण सातवी आठवीच्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात असं या विषयात काम करणारे मानतात. म्हणजे तिसरीतलं मूल स्वतः वाचतंय छोट्या छोट्या वाक्यांची गोष्ट, पण ऐकू शकतं रहस्यकथा, प्रवासवर्णन, अंतराळातलं काहीतरी. त्याला फक्त त्याच्या वाचायच्या लेव्हलवर ठेवलं तर ते बोअर होणारच, डोकं नऊ वर्षांचं आणि पुस्तक पाच वर्षांचं.

मराठीत अजून एक भानगड आहे. आपण बोलतो "त्याने सांगितलं", "मला माहितीय", आणि पुस्तकात असतं "त्याने सांगितले", "मला ठाऊक आहे". घरात वेगळी बोली असेल तर अंतर अजून जास्त. ज्या मुलाच्या कानावरून पुस्तकी वाक्यं कधी गेलीच नाहीत त्याला ती वाचताना परकी वाटतात. आणि च, ज, झ चं तर विचारूच नका, "चार" मधला च वेगळा आणि "चारा" मधला वेगळा, कागदावर दोन्ही सेम. बरोबर उच्चार तोच करतो ज्याने शब्द आधी ऐकलाय. तेव्हा वाचून दाखवणं हे नुसते लाड नाहीयेत, पुढच्या वाचनाची पेरणी आहे. घरच्या बोलीला मात्र नावं ठेवू नका हं, मूल बोलायचंच बंद करतं.

वाचून दाखवताना नाटक जमलंच पाहिजे असं नाही. सावकाश वाचा, एवढं पुरे. मधेच थांबून स्वतःशी बोलल्यासारखं बोला, "मला वाटतंय हा आता खोटं बोलणार", "अरेच्चा, मग मगाशी जो दरवाजा वाजला तो कोणी वाजवला?" हे प्रश्न नाहीत, म्हणजे उत्तर द्यायची सक्ती नाही. पण नव्व्याण्णव वेळा मूल स्वतःहून तोंड उघडतं. याच्या उलट "सांग बरं, राजाच्या मुलीचं नाव काय होतं?" विचारून बघा, चेहरा पडतो की नाही. मी काय म्हणते, प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारा ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही.

पुस्तक कोणाचं?

मुलाचं. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि लगेच पुढचं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपण काय करतो, आपल्या लहानपणी आवडलेलं पुस्तक आणतो आणि मुलाला नाही आवडलं की दुखावतो. किंवा संस्कार होतील असं आणतो. मुलांना बोधाचा वास लांबून येतो.

डायनोसॉर, भुतं, विनोदी चुटके, क्रिकेटपटूंची माहिती, कॉमिक, खेळण्याच्या खोक्यावरच्या सूचना, कोडी, यातलं सगळं वाचन आहे. कॉमिकबद्दल लोक नाक मुरडतात, मला ते कळत नाही, एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत काय घडलं असेल ते मूल मनात भरत जातं, हे काय कमी काम आहे? आणि आवडता विषय धरण्यामागे नुसतं लाडावणं नाही. 1988 साली रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या मॅचबद्दलचा उतारा दिला होता, ज्यांचं वाचन कच्चं पण ज्यांना बेसबॉल चांगलं माहीत अशा मुलांना तो उतारा वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्यांपेक्षा चांगला समजला आणि आठवला. म्हणजे विषय माहीत असला की कच्चा वाचकसुद्धा उड्या मारतो. म्हणून भाचा नुसतं रेल्वे इंजिनांबद्दलच वाचत होता तेव्हा मी त्याला अडवलं नाही, वर्षभर इंजिनंच. त्या वर्षात त्याने "वाफेचा दाब" पासून "मार्गक्रमण" पर्यंत काय काय शब्द उचलले, गोष्टीच्या पुस्तकात ते आलेच नसते.

पुस्तक झेपेल का बघायला एक सोपी युक्ती, कुठलंही एक पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाचही दुमडली तर एकट्याने वाचायला जड आहे. जड म्हणजे नको असं नाही, ते तुम्ही वाचून दाखवायच्या ढिगात टाका. तीच गोष्ट वीस वेळा वाचली तर वाचू दे. अर्ध्यात सोडली तर सोडू दे, आपणही सोडतो. शेवटचं पान आधी वाचलं तरी पोलीस पकडत नाहीत.

मराठी की इंग्रजी हा वाद मी इथे उकरत नाही. ज्या भाषेत मूल भांडतं त्या भाषेत आधी वाचू दे, एवढंच.

बक्षिसांचं काय

दहा पुस्तकं वाचलीस तर अमुक देईन, हे करावंसं फार वाटतं. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात ते पेन परत ठेवले तेव्हा ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं त्या पेनांकडे कमी फिरकली, बाकीच्यांमध्ये तसं झालं नाही. म्हणजे आवडीच्या गोष्टीचं मोल ठरवून टाकलं की ती नुसतं काम होऊन बसते. शिवाय आकड्यावर बक्षीस लावलं की मुलं हुशार असतात, सगळ्यात पातळ पुस्तकं शोधतात, मी वर्गात तक्ता लावून हे स्वतः भोगलंय, तिसऱ्या आठवड्यात एकाने एका दिवसात अकरा पुस्तकं "संपवली" होती. तक्ता मी काढून टाकला.

द्यायचंच असेल तर पुस्तकच द्या, किंवा झोपायला पंधरा मिनिटं उशीर. दिवा बंद करायची वेळ नेहमीचीच, पण हातात पुस्तक असेल तर पंधरा मिनिटं जास्त. ही लाच आहे, मान्य, पण चालणारी. आणि उलट बाजू, शिक्षा म्हणून वाचायला बसवायचं नाही. "टीव्ही बंद, बस आता पुस्तक घेऊन" यात पुस्तक म्हणजे टीव्ही गेल्याचं दुःख.

जागा आणि वेळ, थोडक्यात

पुस्तकं कपाटात बंद असतील तर विसरा. मुलाच्या हाताच्या उंचीवर, आणि जमलं तर कण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी सात आठच ठेवा, पंधरा दिवसांनी बदला. उजेड नीट. पुस्तक डोळ्यांपासून साधारण एक फुटापेक्षा जवळ येत असेल, एक डोळा झाकून वाचत असेल, डोकं दुखतं म्हणत असेल तर आधी डोळे तपासून घ्या, मुलांना आपल्याला धूसर दिसतंय हे कळतच नाही, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका. दात घासले की वाचन, असं. "वेळ मिळेल तेव्हा" म्हणजे कधीच नाही.

मोबाईलवर वाचलं तर? गोष्ट लांबलचक असेल तर कागद बरा, कारण स्क्रीनवर बोट लावलं की बेडूक उडी मारतो अशा पुस्तकात मूल बेडूक वाजवत बसतं, गोष्ट राहते बाजूला. ऑडिओ पुस्तकं ऐकली तर चांगलंच. टीव्हीवर ज्या भाषेतलं बघतायत त्याच भाषेतल्या पट्ट्या (सबटायटल) खाली चालू ठेवा, फुकटचं वाचन होतं. आणि तुम्ही स्वतः फोनवर दिवसभर लेख वाचत असाल तरी मुलाला ते "आई फोन बघतेय" असंच दिसतं, त्यामुळे निदान त्याच्यासमोर हातात कागद धरा. नाटक वाटलं तरी चालेल.

कधी बाहेर मदत घ्यायची

तिसरी उलटत आली, सगळं करून झालं, आणि तरी साधे बिनजोडाक्षरी शब्दसुद्धा सुटे सुटे वाचावे लागतायत, यमक जुळवता येत नाही, शब्दातला पहिला आवाज काढून टाक म्हटलं तर गोंधळ होतो, घरात अजून कोणाला असाच त्रास होता, तोंडी मात्र हुशार, अशी लक्षणं एकत्र दिसली तर वाट बघू नका. डिस्लेक्सिया (अक्षरं आणि आवाज जोडायलाच जड जाणं) असू शकतो, त्याचा बुद्धीशी संबंध नाही, आणि तपासणी करून योग्य पद्धतीने शिकवलं तर फरक पडतो. "मोठा झाला की होईल आपोआप" या वाक्याने किती मुलांची दोन तीन वर्षं गेलेली मी पाहिलीत. कानही तपासा, वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांना कधी कधी कमी ऐकू येत असतं.

आणि एक टप्पा येतो त्याची तयारी ठेवा. रोज टिचकी मारून मोठ्याने वाचणारं मूल एक दिवस म्हणतं, थांब, मी मनात वाचतो. तुम्ही शेजारी बसलेले, कानावर काहीच नाही, वाचतोय की नुसता बघतोय तेही कळत नाही. विचारू नका. तुमचं पुस्तक घ्या आणि वाचत बसा. माझ्या लेकीने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला अर्धा तास करमेना, तिसऱ्या मिनिटाला मी पानावर डोकावले तर तिने पुस्तक जरासं पलीकडे वळवलं. रात्री मात्र दिवा बंद करायच्या आधी तेच पुस्तक माझ्या हातात आणून दिलं, मधे बोट घालून, "इथपर्यंत माझं झालंय, आता तू वाच".